माग पुसणारी

ही घडलेली गोष्ट आहे. यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

माझी दयाआत्या आमच्या घरात सगळ्यात कमी बोलणारी. चाळीस वर्षं तिने नर्सची नोकरी केली. मेलेली माणसं तिने स्वतःच्या हातांनी पुसली, झाकली, नातेवाइकांच्या स्वाधीन केली. पण घरात भुताखेताचा विषय निघाला की ती उठून आत जायची. आम्हाला वाटायचं, तिचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही.

विश्वास होता, म्हणूनच ती उठून जायची.

हे तिने एकदाच सांगितलं. ऐंशीव्या वर्षी, भर दुपारी, माझ्याकडे न बघता. तारीख तिला पाठ होती. शनिवार, १ डिसेंबर १९४५. जागा, नगरच्या सावेडीपलीकडचा माळ. तेव्हा सावेडी म्हणजे नुसती शेतं होती. शेतं संपली की माणूस नाही, झाड नाही. तरवडाची झुडपं, कुसळं आणि दगड.

दया तेव्हा अकरा वर्षांची होती.

तिचे वडील दानीएल गुरुजी खेड्यावरच्या मिशनच्या शाळेत शिकवायचे. दया नगरला मुलींच्या शाळेच्या बोर्डिंगात राहायची. रविवारी रांगेने चर्चला जायचं, रांगेने परत यायचं. बाकी फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी शाळेत नव्या बाई आल्या. मरियमबाई. त्यांनी प्रार्थनेनंतर जाहीर केलं, "आपल्या शाळेत वीरबालांचं, म्हणजे गर्ल गाइडचं, पथक सुरू होणार."

मुली नुसत्या वेड्या झाल्या.

निळा फ्रॉक, गळ्यात पिवळा रुमाल, हातात लाठी. दोरीच्या गाठी शिकायच्या. माळावर तीन दगडांची चूल मांडायची. झाडावर चढायचं... आणि कुणी रागावणार नाही! पोरींना उघड्या रानात हुंदडायला मिळणार, तेही शाळेच्या परवानगीने. असं नगरात कुणी ऐकलं नव्हतं.

पण जागा सोळाच होत्या. बाई म्हणाल्या, परीक्षा घेऊ.

शाळेच्या आवारात एका कोपऱ्यातल्या खोलीत शाळेचे माळी पुंजाराम राहायचे. त्यांची बायको मालनबाई बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात भाकरी थापायची. त्यांची एकुलती एक मुलगी मुक्ता दयाच्याच वर्गात होती. काटक, काळीसावळी, पायात कधी काही नाही. दोन बोटं ओठांत घालून ती अशी शीळ घालायची की झाडावरचे कावळे उडायचे. मग मालनबाई फुंकणी घेऊन मागे धावायची.

"पोरीच्या जातीनं शीळ घालू न्हाई, भवाने! अवदसा येती घरात!"

परीक्षेत मुक्ता पहिली आली. बाकीच्या मुलींनी चूल पेटवायला अर्धी काडेपेटी संपवली. तिने एका काडीत पेटवली.

दया आली सतरावी.

त्या रात्री ती उशीत तोंड खुपसून रडली. वडिलांना तिने पत्र लिहिलं. चार दिवसांनी दानीएल गुरुजी आले आणि मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, खोलीत गेले. दया व्हरांड्यात खांबाआड उभी होती. तिला सगळं ऐकू आलं.

"माझ्या मुलीचं नाव नाही आणि माळ्याच्या पोरीचं आहे?" वडील म्हणाले. "ती आमच्या मुलींच्या बरोबरीने शपथ घेणार?"

मोठ्या बाईंनी समोरची यादी जवळ ओढली. मग म्हणाल्या, "तसंही तिला आईच्या हाताखाली काम असतंच."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नवी यादी लागली. मुक्ताचं नाव नव्हतं. सगळ्यात खाली दयाचं नाव होतं. मरियमबाई त्या दिवशी कुणाच्याच नजरेला नजर देत नव्हत्या.

मुक्ता यादीसमोर खूप वेळ उभी राहिली. मग तिने वळून दयाकडे बघितलं. 

 आत्या म्हणाली, "मला वाईट वाटलं. पण त्याहून जास्त आनंद झाला होता गं. खोटं कशाला सांगू?"

शपथ एक डिसेंबरला होती. माळाच्या टोकाला एक टेकडी होती. तिथे चढायचं, शपथ घ्यायची, चहा करून प्यायचा आणि दिवस बुडायच्या आत परत यायचं.

जाताना मागाचा खेळ ठरला होता. आठ मुलींनी पुढे जायचं आणि वाटेत खुणा मांडायच्या. दगडांचा बाण म्हणजे इकडे या. काटक्यांची फुली म्हणजे ही वाट नाही. आणि गोल रिंगण करून मध्ये एक दगड ठेवला, तर त्याचा अर्थ... मी घरी गेले. मागच्या आठ जणींनी खुणा बघत यायचं. त्यांच्यातल्या शेवटच्या मुलीने खुणा मोडत यायचं, म्हणजे माग पुसायचा.

शेवटची मुलगी दया होती.

दुपारचा एक वाजला असेल. सावेडीची शेतं मागे पडली. दयाने एक बाण पायाने विस्कटला आणि सहज मागे बघितलं.

पन्नास पावलांवर मुक्ता उभी होती. विटका जांभळा परकर, अनवाणी.

"तू इथे कशाला?" दया पुटपुटली.

मुक्ता जवळ आली. "मी बी येते. लांबूनच येते. टेकडीच्या खाली बसून बघन. बाईंला सांगू नगंस."

"तुला घेतलं नाही ना पण."

"घेतलं हुतं," मुक्ता म्हणाली. "माझं नाव पयलं हुतं. तुझ्या बापानं पुसलं."

दयाचे कान तापले. पुढच्या मुली वळणाआड गेल्या होत्या.

"समद्या खुणा मोडू नगंस," मुक्ता म्हणाली. "वळणावरचा येक बाण ऱ्हाऊ दे. मी लई मागून येते, कुनाला दिसनार न्हाई."

दयाने मान डोलावली आणि ती पळत पुढे गेली.

पुढे वाटेला दोन फाटे होते. डावा टेकडीकडे जाणारा. उजवा एका जुन्या खाणीकडे. लढाईच्या दिवसांत लष्कराच्या रस्त्यांसाठी तिथून दगड काढला होता. मग खाण तशीच टाकून दिली. काठावर कंबरभर गवत माजलेलं. उजव्या वाटेवर पुढच्या मुलींनी काटक्यांची मोठी फुली मांडली होती.

दयाने फुली उचलून फेकली. ते तिचं कामच होतं.

मग ती बाणापाशी बसली. तो डावीकडची वाट दाखवत होता. तिने तो मोडला नाही.

त्याचं टोक फक्त उजवीकडे वळवलं.

तिला एवढंच हवं होतं की मुक्ता चुकावी. भटकावी, कंटाळावी, घरी जावी. शपथ घेताना ते डोळे आपल्याकडे बघायला नकोत. खाण किती खोल आहे, काठ किती पोखरलाय, हे तिला माहीत नव्हतं. आत्या हे सांगताना दोनदा म्हणाली, "माहीत नव्हतं मला." मग स्वतःच म्हणाली, "फुली कशाला असते, हे मात्र माहीत होतं."

टेकडीवर वारा होता. सोळा जणी गोलात उभ्या राहिल्या. मरियमबाई शपथेचा एकेक तुकडा सांगायच्या आणि एकेक मुलगी पुढे येऊन तीन बोटं वर करून म्हणायची. देवाशी, राजाशी, देशाशी इमान. दुसऱ्याला मदत.

शेवटी दयाची पाळी आली.

ती म्हणू लागली... आणि तिच्या मागून कुणीतरी तेच म्हणू लागलं.

अगदी हळू. तिच्या एक शब्द मागे. उजव्या खांद्याजवळ.

दया थांबली. तो आवाजही थांबला.

"म्हण ना," बाई म्हणाल्या.

दयाने शपथ पुरी केली. शेवटचा शब्द तिच्या तोंडून निघाला. मग तो मागून पुन्हा आला. तिने झटकन वळून बघितलं.

मागे नुसतं आकाश होतं. टेकडी तिथे संपत होती.

बाईंनी आनंदाने शिट्टी वाजवली. तीन छोट्या. सगळ्या गोळा व्हा.

आणि खालून, लांबून उत्तर आलं... तीन शिळा. तोंडाने घातलेल्या.

सगळ्यांनी ऐकल्या. "गुराखी चेष्टा करतोय," बाई हसल्या. मुलीही हसल्या.

दयाला हायसं वाटलं. मुक्ता आहे. चिडलीय, पण आहे.

चहा झाला, परतायची वेळ झाली. दया रांगेत पुन्हा शेवटी. ऊन उतरलं होतं. टेकडीवरून खाली आल्यावर पुढे एकदम गलका झाला.

"दया, तू माग पुसला नाहीस?" बाई रागाने विचारत होत्या.

वाटेवर बाण होता. नीट, नवा, घराच्या दिशेने.

पुढे दुसरा. पुढे तिसरा.

"मी मोडले होते," दया म्हणाली.

"मग हे काय? दगड चालत आले?"

दयाने ओळखलं. मुक्ताचंच काम. मला बोलणी खायला लावतेय. तिला रागही आला आणि बरंही वाटलं.

फाट्यापाशी आल्या. खाणीच्या वाटेवर काटक्यांची फुली परत मांडलेली होती. आणि तिने वळवलेला बाण... आता घराकडे टोक करून होता.

तेवढ्यात तिला मागे पावलं ऐकू आली.

अनवाणी पावलं. धुळीत हलकेच पडणारी. ती चालली की चालायची, ती थांबली की थांबायची. तिने वळून बघितलं नाही. हळूच म्हणाली, "मुक्ते, चुकलं माझं. परत नाही करणार."



आणि त्याच क्षणी खाणीकडून शीळ आली. एकच. बारीक, थकलेली.

 मुक्ता तर माझ्या मागे आहे. मग तिकडे...

"पाय उचला गं," बाई म्हणाल्या. "दिवस बुडतोय."

दया थांबली नाही. तिने विचारही पुढे नेला नाही. रांगेबरोबर ती चालत राहिली. शाळेचं फाटक येईपर्यंत पावलं मागे होती. फाटकाशी ती थांबली... आणि पावलं तिला ओलांडून आत गेली. दिसलं काहीच नाही. फक्त तिच्या फ्रॉकची कड हलली.

फाटकाच्या आत मातीत गोल रिंगण होतं. मध्ये एक दगड.

समोरून मालनबाई पदराला हात पुसत आली. "पोरींनो, आमची मुक्ता तुमच्या मागं आल्ती का गं? दुपारपासून पत्ता न्हाई."

 बाईंनी मुलींकडे बघितलं. आणि दयाच्या तोंडून निघालं, "ती घरी गेली, मावशी."

खूण समोर होती. म्हणजे दया खोटं बोलत नव्हती.

"घरी? बघते मेलीला," असं म्हणत मालनबाई खोलीकडे गेली. खोलीतून तिच्या ओरडण्याचा आवाज आला. लेकीला बोलत होती. दया निर्धास्त झाली. जेवली. झोपली.

पहाटे मालनबाईच्या किंकाळीने बोर्डिंग जागं झालं.

मुक्ता खोलीत नव्हती. अंथरूण गार पडलं होतं. पुंजाराम विहिरीत डोकावत होते, गोठ्यात बघत होते. मोठ्या बाईंनी मुलींना विचारलं, "कुणाला काही माहीत आहे?"

दयाला माहीत होतं. निदान कुठे शोधायचं, ते माहीत होतं. पण खाण म्हटलं की बाण आला. बाण म्हटला की...

ती म्हणाली, "नाही."

मग रविवार म्हणून सगळ्या मुली रांगेने चर्चला गेल्या. दयाने गुडघे टेकले, डोळे मिटले. तोंडातून एक शब्द निघाला नाही.

दुपारी सहादेव नावाचा धनगर मुक्ताला घोंगडीत घेऊन आला. त्याच्या कुत्र्याने खाणीच्या काठावर भुंकून भुंकून त्याला नेलं होतं. ती तळाशी पडली होती. पाय मांडीपासून मोडलेला. दगड ओरबाडून ओरबाडून नखं गेलेली.

दोन बोटं अजून ओठांत होती.

सहादेव फाटकाशी बसून डोकं धरून सांगत होता, "दुपार कललेली असंल, तवापासनं शीळ ऐकत हुतो मी. दिस बुडला तरी यीत हुती. मला वाटलं, साळंच्या पोरी खेळत्यात. म्हनून गेलो न्हाई ओ... म्हनून गेलो न्हाई!"

डॉक्टर म्हणाले, पडून मेली नाही. थंडीने आणि रक्त जाऊन मेली. मध्यरात्रीनंतर कधीतरी. संध्याकाळी कुणी गेलं असतं तर वाचली असती.

शाळेने काय केलं? मोठ्या बाई पुंजारामला म्हणाल्या, "मुलीला आवरायला हवं होतं. तिला कुणी बोलावलं नव्हतं." पुंजाराम मान खाली घालून "व्हय बाई" म्हणाले. महिन्याभरात मरियमबाई नोकरी सोडून गेल्या. पथक चालूच राहिलं. दयाही राहिली. सोडलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, का सोडलंस?

सहा वर्षं तिने तो पिवळा रुमाल गळ्यात बांधला. सहा वर्षं मालनबाईच्या हातची भाकरी खाल्ली. मालनबाई तिच्या ताटात भाकरी टाकायची आणि पुढे जायची. 

१९५१ साली दया नर्सिंग शिकायला निघाली. ट्रंक टांग्यात ठेवली होती. तिला वाटलं, हे घेऊन आपण जाऊ शकत नाही. ती स्वयंपाकघरात गेली. मालनबाई एकटीच होती, चुलीतली राख ओढत होती.

"मावशी, मला तुम्हाला काही सांगायचंय. मुक्ताचं."

"नगं सांगू."

"मावशी, त्या दिवशी मी..."

"नगं म्हनले ना!" मालनबाईने वर बघितलं. डोळे कोरडे होते. "तू सांगशील, रडशील, मोकळी व्हशील. मग माझं मी कुनाला सांगू?"

दया दारातच थिजली.

"तुमचं काय, मावशी?"

मालनबाईने राखेचं घमेलं बाजूला सारलं.

"त्या सांजंला तू म्हनलीस, ती घरी गेली. मी खोलीत गेले. ती हुती."

"कोण?"

"मुक्ता. चुलीम्होरं बसली हुती, माज्याकडं पाठ करून. त्योच जांभळा परकर. मी लई शिव्या दिल्या. मर येकदाची, म्हनले. ती बोलली न्हाई, वळली बी न्हाई. म्हनलं, रुसलीया. मी हिकडं भाकरी थापाया आले. समदं आवरून गेले तर डोक्यावरनं गोधडी घेऊन निजली हुती. तिचा बाप म्हनला, झोपू दे. मी गोधडीवरनं हात फिरवला, दया. ऊन लागली हाताला. म्हनून कुनीबी शोधाया गेलं न्हाई."

बाहेर टांगेवाला हाका मारत होता.

"तवा माझी पोर तिकडं खानीत जित्ती हुती," मालनबाई म्हणाली. "शीळ घालीत हुती. मग माज्या गोधडीत रातभर कोन निजलं हुतं?"

 मालनबाईने तोंड फिरवलं आणि पुन्हा राख ओढायला लागली. दया टांग्यात बसून निघून गेली. त्यानंतर ती त्या शाळेत कधी गेली नाही. लग्न केलं नाही.

आत्याला जाऊन आता काही वर्षं झाली. मी खूप विचार केला. खुणा कुणी मांडल्या? मुक्ताने म्हणावं तर ती खाणीत होती, जिवंत. मेलेल्या माणसाचं भूत असतं म्हणतात. पण ती तर तेव्हा मेली नव्हती. मग ते कोण होतं? आणि ते सगळ्यांना तिच्यापासून लांब का नेत होतं?

 

माझी मुलगी दहा वर्षांची आहे. संध्याकाळी मी कामावरून येते, तेव्हा ती टेबलाशी अभ्यासाला बसलेली असते, दाराकडे पाठ करून.

मी तिला हाक मारते. आणि ती तोंड वळवून माझ्याकडे बघेपर्यंत... मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही.